उरलेले बोंबील

बोंबील जबड्यात जबडा अडकवून, जोडीनं दोरीवर वाळत घालतात. माझी बायको नूतन डावखुरी. तिची जोडी उलटी बसायची. याच धंद्यावर तिनं घर उभं केलं. गावात कुठलीही बाई वारली की शेवटची अंघोळ घालायला तीच जायची. तिला मात्र शेजारच्या भागूआत्यांनी घातली.

ती गेल्यावर आज महिन्यानं मी बोंबील आणले. अर्धी दोरी भरून चहाला आत गेलो. परत आलो, तर पुढे आणखी जोड्या लटकत होत्या. ओल्या, आणि सगळ्या उलट्या.

"आत्या, हितं कोन आलेलं?"

"कोन न्हाय रं. मी हितंच बसलेय."

उरलेली टोपली दोरीखाली ठेवली आणि पाठ करून बसलो.

"लाव गो," म्हटलं, "मी बघत न्हाय."

मागे दोरी करकरली.