पोस्टरवरचे हात

"सोरायसिस लपवू नका, तो स्पर्शाने पसरत नाही." या पोस्टरसाठी जनजागृती समितीला खरे हात हवे होते. ग्रंथपाल बाईंच्या हातून लोक पुस्तकंसुद्धा चिमटीत धरून घेतात. हातांवर सोरायसिसचे चट्टे उठल्यापासूनच्या नऊ वर्षांत त्या बाईंनी पहिल्यांदा चारचौघांत बाह्या वर केल्या आणि फोटो काढू दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी दारातच भलंमोठं पोस्टर. चेहरा बाईंचा, हसू बाईंचं, आणि हात मात्र सोललेल्या अंड्यासारखे गुळगुळीत.

"एकूण एक चट्टा पुसलाय, ताई," छपाईवाला खुशीत म्हणाला. "कुठे होता ते आता शोधून दाखवा."

"बरंच केलंस बाबा," समितीच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "शेजारीच नाश्त्याची टेबलं मांडलीत. कुणाच्या घशाखाली घास उतरला असता का?"

चट्टे बघून लोक जसं तोंड करतात, तसं आज बाईंचं तोंड झालं. अध्यक्षीणबाईंनी प्रेमाने एक स्वेटर पुढे केला.

"भाषणाला उठताना एवढा घाला हं. नाहीतर पोस्टरवरच्या बाई तुम्हीच, हे लोकांना पटायचं नाही."