नवा कुकर

आई दुकानाच्या पायरीवरच थांबली. लेकीने आत जाऊन चार कुकर उघडून-लावून पाहिले आणि आतली वाफ पुरती गेल्याशिवाय झाकण उघडूच न देणारा एक निवडला.

घरी आल्यावर लेकीने बटाटे आणि पाणी घातलं, रबर बसवलं, शिट्टीच्या भोकातून उजेड दिसतोय ना ते पाहिलं आणि कुकर आईपुढे सरकवला. "लाव."

"माझं पातेलं बरं आहे. इतकी वर्षं काही अडलं का?"

"तासन्‌तास ओट्यापाशी उभी राहतेस. पाय बघ कसे सुजलेत. आणि पुढच्या आठवड्यापासून मी इथे नसणार."

आईने कसंबसं झाकण लावलं. कुकर फुसफुसू लागला तशी ती भिंतीला जाऊन टेकली. लेक जागची हलली नाही. वेळ झाल्यावर तिने गॅस बंद केला. आतली वाफ गेली तशी झाकणावर वर आलेली लाल पिन हळूच खाली बसली.

"आता उघड."

"तू आधी लांब हो."

"नाही होणार. उघड."

आईने डोळे घट्ट मिटून दांडा फिरवला. झाकण निमूटपणे हातात आलं.

तिने डोळे उघडले तेव्हा लेक कुकरवर वाकली होती. लहानपणी याच ओट्यापाशी झाकण उडून भाजलेला गाल तिने वाफेजवळ नेला होता.

"मस्त शिजलेत," ती म्हणाली. "उद्या चणे लाव."