चित्रांचा कोळसा

बाबा पुन्हा तिसऱ्या बाकावर जाऊन बसले होते.

एतेल्का चिडली. संग्रहालयात ती पहाऱ्याला होती. रोज सकाळी ती बाबांना सोबत आणून रेडिएटरपाशी बसवायची, आणि तिची पाठ वळली की म्हातारा दाराजवळच्या त्या बाकावर जायचा.

"बाबा, जिवावर उदार झालात का? ऊब सोडून इथं वाऱ्यात कशाला?"

"तिथं उकडतं."

"उकडतं! बाहेर डॅन्यूब गोठलीय आणि यांना उकडतंय!"

लढाई संपली होती, पण बुडापेस्टमध्ये खिडक्यांना काचा नव्हत्या. एतेल्काच्या घरी पुठ्ठे ठोकलेले होते, दिवसाही अंधार. कोळसा औषधालाही मिळत नव्हता. पॅरिसहून आलेल्या चित्रांची मात्र चैन होती. दालन रात्रंदिवस गरम राहिलं पाहिजे, अशी फ्रेंचांची अटच होती. माणसं तडकली तरी चालेल, रंग तडकता कामा नये! बाबांची छाती यापुढे गारठा सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिनं त्यांना चित्रांच्या उबेला आणून बसवलं होतं.

चित्रांसोबत आलेले देलमास साहेब एकदा तिच्यापाशी थांबले. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "तुमचे वडील रोज या एकाच चित्रासमोर बसतात. असा रसिक मला पॅरिसातही भेटला नाही."

एतेल्कानं चित्राकडे पाहिलं. उघडी खिडकी, टेबलावर ऊन, चार पीच. तिला हसू आवरेना. बाबांचा जन्म ट्रामच्या चाकांना वंगण घालण्यात गेला होता. रसिक म्हणे!

"होय साहेब," ती म्हणाली. खरं सांगितलं असतं तर बाबांना बाहेर काढलं असतं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ती संचालकांकडे गेली. "साहेब, एखादं चित्र राहू द्या ना. कसलंही चालेल. एक जरी असलं तरी कोळसा येत राहील."

"माझ्या हातात काय आहे, एतेल्काबाई? पेट्या व्हिएन्नाला निघतायत. आज संध्याकाळी बॉयलर बंद."

बाबांसाठी उबेची जागा शोधत ती तशीच धावत सुटली. इस्पितळानं नाही म्हटलं, चर्चनंही नाही म्हटलं. शेवटी बेकरीवाल्या मार्तोनच्या ती हातापाया पडली. रोज पहाटे फरशी घासून देईन, भांडी घासून देईन, म्हणाली. मार्तोननं बराच वेळ कुरकुर केली आणि भट्टीमागचा एक कोपरा दिला. एतेल्का रस्त्यातच रडली. म्हातारा हा हिवाळा काढणार होता.

ती परतली तेव्हा दालन जवळजवळ रिकामं झालं होतं. बाबा तिसऱ्या बाकावरच होते. समोर दोन माणसं त्या चित्राच्या पेटीला खिळे ठोकत होती.

"बाबा, जागा मिळाली! मार्तोनच्या भट्टीला अगदी लागून. घाम फुटेल तुम्हाला. चला, उठा."

म्हातारा उठला नाही. उघड्या भिंतीवरच्या चौकोनी डागाकडे बघत राहिला.

"तिथं, मार्तोनकडे, भिंतीवर काय आहे?" त्यानं विचारलं.