संध्याकाळसाठी राखलेले कान

बुवा कीर्तनाला उभे राहिले तरी तुळशीराम पखवाजाला कणीक लावतच होता. थाप मारायचा, कान टेकवायचा. दिवसभर मळणीयंत्राशी राबल्यावर कानांत नुसती घरघर उरली होती.

“सूर लागला का गं?” त्याने बायकोला पुन्हा विचारलं.

“मघाशीच लागलेला. तुम्हीच उतरवलात,” सगुणा हळूच म्हणाली.

नामाच्या गजरात मंदिर डोलत होतं आणि तो बुवांच्या ओठांकडे बघून ठेका धरत होता.

सकाळी, यंत्र सुरू होण्याआधीच, मालकाने सगळ्या मजुरांना आवाज अडवायला दिलेले रबरी बोळे त्याने कानांत घातले.

“काय पखवाजी, गाणी ऐकताय?” बाबू टाळकरी हसला.

“आता नाही. संध्याकाळी बुवांचं ऐकायचंय.”

बाबूचं हसू थांबलं. पेंढी खाली ठेवून तो स्वतःच्या बोळ्यांसाठी खिसे चाचपू लागला.