एकही तक्रार नाही

अल्पेशने गाडी रस्त्याच्या मधोमध सोडली. दार लावलं नाही, चावी काढली नाही. समोर त्याच्याच अंगणात एक परका माणूस खुंट्या ठोकून दोरी ताणत होता, आणि दोरीचं दुसरं टोक धरून त्याची सख्खी आई उभी होती.

शेजारच्या दिपेशने फोनवर सांगितलं तेव्हा त्याला थट्टा वाटली होती. "काकीने काचेच्या खोलीचं काम माणगावच्या बुधाजीला दिलं रे." अशा बातम्या पोचवायला दिपेशला कधी उशीर होत नसे. आत्ताही तो कुंपणाला टेकून उभा होता. फुकटचा तमाशा सोडणाऱ्यांतला तो नव्हता.

खोली बापासाठी होती. दत्तात्रेय म्हणजे जुना तांडेल. उभा जन्म बोटीवर काढलेला. लकव्याने उजवी बाजू गेली तेव्हापासून तो मधल्या खोलीत भिंतीकडे बघत पडलेला असे. कुशीवर वळवायलाही माणूस लागे. खाडीच्या अंगाला काचेची खोली काढायची, खाट तिथे टाकायची, म्हणजे म्हाताऱ्याला येत्या-जात्या होड्या दिसतील, ही कल्पना अल्पेशचीच. गणपतीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती सांगून तिचं कौतुकही त्याने आगाऊ वसूल केलं होतं. फक्त बांधायची राहिली होती.

आणि बांधायला दुसरा कोण? रेवसपासून अलिबागपर्यंत मुंबईकरांच्या बंगल्यांना असली खोली जोडायची तर लोक एकच नाव घेत: येसाई कन्स्ट्रक्शन. आईचंच नाव. पाटीवर, टेम्पोवर, कामगारांच्या निळ्या टी-शर्टांच्या पाठीवर. दर वर्षी नवे टी-शर्ट आले की येसूबाई जुने मागून घेई. 'म्हातारीला पोराचं कौतुक,' असं अल्पेश चारचौघांत सांगायचा. कालच्या परतीच्या पावसानंतर आत्ताही तसले पाच-सहा टी-शर्ट दांडीवर वाळत होते, आणि त्यांच्याच खालून वाकून बुधाजी माप घेत होता.

"आये, सोड ती दोरी."

"धर म्हनून सांगितलंय त्यानं. हलली तर खोली वाकडी व्हईल."

"आणि माझं नाक कापलंस, ते सरळ झालं काय?"

कुंपणापाशी दिपेश खोकला. खोकल्यात हसू लपवण्याची कला त्याच्याकडे होती.

अल्पेश बुधाजीकडे वळला. "काय जादू केलीस रे माझ्या आईवर?"

"जादू कसली दादा," बुधाजीने टेप गुंडाळला. "काकी म्हणाल्या, केलेलं काम दाखव. रोह्याची एक खोली दाखवली. पहिल्या पावसात गळली होती. उकलून पुन्हा बसवली."

"गळकी खोली दाखवलीस? आणि काम मिळालं?" अल्पेश हसला, पण त्या हसण्याने दांडीवरचे कावळे उडाले. "ऐकलंस आये? हा आपल्या तोंडाने सांगतो, माझी खोली गळली. आणि मी? टेकाडावरच्या पांढऱ्या बंगल्याची खोली कोणी बांधली? चार पावसाळे गेले, एक तक्रार न्हाय. एक! मालकीण मृणालीताई दर शनिवारी मुंबईहून रो-रो बोटीने येतात, पाहुण्यांना माझा नंबर देतात. तू झाडलोट करतेस तिथे. तुला ठाऊक न्हाय?"

"हाय की ठाऊक."

"मग सांग! या दिपेशसमोर सांग. पोरगा आईच्या नावाने धंदा करतो, गाव त्याच्यावर भरवसा ठेवतं, आणि आईच ठेवत न्हाय. का? बोल ना!"

त्याचा आवाज आता खाडीपलीकडे पोचत होता. आतून दत्तात्रेयाने काहीतरी घोगरं विचारलं.

येसूबाईने दोरी खुंटीला गुंडाळली. आभाळाकडे बघितलं. ते पुन्हा भरून येत होतं. ती दांडीपाशी गेली आणि एकेक टी-शर्ट ओढून बादलीत कोंबू लागली. अल्पेशने ते पहिल्यांदाच जवळून पाहिले. कडेला शेवाळाचे हिरवे डाग होते. पाठीवरची अक्षरं घासून घासून गेली होती. 'येसाई'मधला 'ये' तेवढा उरला होता.

बंगल्याच्या चाव्या कमरेला खोचून तिने बादली उचलली. शुक्रवार होता. पोराच्या अगदी जवळ येऊन, कुंपणापर्यंत जाणार नाही एवढ्याच आवाजात ती म्हणाली,

"तक्रार येनार कुठून? पाऊस झाला की शुक्रवारी मी जाते. पानी टिपते, गाद्या वाळवते, काचा पुसते. शनिवारी त्या दार उघडतात तवा समदं कोरडं."

"मला... मला का न्हाय सांगितलंस?"

"पहिल्याच वर्षी सांगितलं. तू म्हनालास, आये, तो काचेला घाम येतो."

ती फाटकापर्यंत गेली. मग थांबली, आणि मधल्या खोलीच्या दाराकडे मान वळवली.

"त्या बाई शनिवार-रविवारच्या, पोरा. तुझा बापूस तिथं रोज निजनार. आन् अंगावर पानी आलं तर त्याला सरकता येत न्हाय."