डावीकडचं शेत

बर्फ उडवायचं यंत्र पुन्हा घुसमटलं. पात्यांचा आवाज जड झाला, नळीतून बर्फाऐवजी नुसती गुरगुर बाहेर आली, आणि तोयोसाकूने दातओठ खात इंजिन बंद केलं. दारापासून पाच पावलं वाट मोकळी झाली होती. मोठ्या रस्त्यापर्यंत पस्तीस उरली होती. आठ वाजत आले होते आणि साडेआठला दवाखान्याची गाडी यायची होती.

त्याची बायको हानाए आत उंबऱ्याशी कोट घालून बसली होती. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस असे. मंगळवारची फेरी वादळाने बुडाली. आता तिच्या सुजल्या पायांत बूट चढेनात, आणि आडवं पडलं की जीव कासावीस होई म्हणून ती रात्रभर बसून होती. डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, आजची फेरी चुकली तर पुढचं काही सांगता येणार नाही. ॲम्ब्युलन्स दोन तासांच्या आत मिळणार नव्हती. पाठुंगळी घ्यावं म्हटलं, तर गुडघाभर राडीत चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा दहा पावलांत तोंडावर आपटला असता, तिच्यासकट.

जानेवारीतला बर्फ पिठासारखा असतो. फेब्रुवारी सरताना दक्षिणेचा वारा सुटला, वरून पाऊस पडला, की त्याचा कालवलेला चुना होतो. हे तोयोसाकूला कुणी शिकवायला नको होतं. बर्फ चिकटू नये म्हणून त्याने नळीला आतून मेणबत्ती घासली होती. इंजिन पूर्ण जोरात ठेवलं होतं, चाल गोगलगायीची, आणि एका वेळी यंत्राच्या निम्म्या तोंडाएवढाच घास. सगळं अगदी बरोबर. फक्त बर्फ फेकायची बाजू चुकीची होती.

उजवीकडे त्याच्याच कुंपणावर यंदाचा बर्फ छपराला टेकला होता. त्याच्यावरून पलीकडे फेकायला नळी उंच करावी लागे, आणि ओला बर्फ एवढं चढत नाही. तो नळीतच बसतो आणि घट्ट होतो. डावीकडे सपाट शेत होतं. तिकडे आडवा, जवळच टाकला असता तर सरसर गेला असता. पण ते शेत मोहेईचं होतं.

गावाची रीत अशी, की हिवाळा लागायच्या आधी साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली घेऊन शेजाऱ्याकडे जायचं आणि म्हणायचं, यंदा तुमच्या जमिनीवर बर्फ टाकू द्या. नाही कुणीच म्हणत नाही, पण विचारायचं असतं. मोहेई तर शाळेपासूनचा दोस्त, त्याला काय विचारायचं, असं म्हणून एका वर्षी तोयोसाकूने खुशाल बर्फ लोटला. त्या ढिगाखाली मोहेईची कांद्याची रोपं सडली. त्याने गावाच्या बैठकीत, चारचौघांत तोयोसाकूची हजेरी घेतली. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली. तेव्हापासून डावीकडे मूठभर बर्फ गेला नाही आणि मोहेईशी एक शब्द झाला नाही. त्याची जमीन त्याला लखलाभ, असं तोयोसाकू गावभर सांगत फिरे.

त्याने दांडक्याने नळी उकरली, इंजिन चालू केलं. चार पावलं गेला. पुन्हा बंद, पुन्हा दांडकं. आठ वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा तो वाटेच्या मध्यावरही पोहोचला नव्हता. या खेपेला चालू होताना बॅटरी कण्हली. आणखी तीन पावलांवर यंत्र परत घुसमटलं.

आता बंद केलं तर चालू होईल याचा भरवसा नव्हता. हात सुटला की पाती थांबावीत म्हणून यंत्राला सतत दाबून धरायची एक दांडी असते. गावातल्या निम्म्या लोकांप्रमाणे त्यानेही ती दोरीने बांधून टाकली होती. घरातून हानाएचा खोकला ऐकू आला. पाती थरथरत असतानाच तोयोसाकू वाकला आणि त्याने नळीत हात घातला.

"हात काढ!"

मोहेई स्वतःच्या हद्दीत फावडं घेऊन उभा होता. "आधी इंजिन बंद कर, मूर्खा."

"बंद केलं तर चालू होणार नाही."

"नाही झालं तर माझी बॅटरी लावू. बोटं कुठून लावू?"

तोयोसाकूने इंजिन बंद केलं. मोहेई हद्दीवरून पुढे सरकला नाही. त्याने नळीकडे पाहिलं, छपराला टेकलेल्या बर्फाकडे पाहिलं, आणि फावडं टेकवून तिथेच थांबला. माणूस एवढा समोर उभा आहे, आणि आपणहून टाक म्हणत नाही. आत हानाए पुन्हा खोकली.

तोयोसाकूने टोपी काढली आणि तो कमरेतून वाकला.

"मोहेई, तुझ्या शेतात बर्फ टाकू का?"

"टाक," मोहेई म्हणाला आणि बॅटरी आणायला वळला.

त्या बॅटरीवर इंजिन चालू झालं, नळी डावीकडे फिरली. बर्फ धबाधबा शेतात पडू लागला आणि यंत्र एकदाही अडलं नाही. कडेचा उरलासुरला मोहेईने फावड्याने ओढला. गाडी पाच मिनिटं थांबून राहिली होती, तेवढ्यावर निभावलं. दोघांनी दोन बाजूंनी धरून हानाएला आत बसवलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत दोघे मोकळ्या वाटेवर उभे राहिले.

तोयोसाकूला राहवेना. बारा वर्षांपूर्वी बर्फ टाकू नकोस म्हणालास, मग आज कसा काय हो म्हणालास, असं त्याने विचारलं.

"टाकू नकोस कधी म्हणालो?" मोहेई म्हणाला. "विचारून टाक, एवढंच म्हणालो होतो."