चौकोनी टाचांची अक्षरं

चपलांच्या दुकानावरची नवी पाटी बघून ती भर रस्त्यात थांबली. अक्षरं तिची होती. जाडजूड, ठोकळ्यासारखी, प्रत्येकाला चौकोनी टाच. कोरताना ‘ह’च्या पोटात तिची पटाशी घसरली होती, ती खाचसुद्धा तशीच. पण ही अक्षरं तर केव्हाच जळून गेली होती.

लग्नानंतर घरचं सगळं उरकून, बोटं सोलून घेत तिनं छपाईच्या लाकडी अक्षरांचा तो संच कोरला होता. नवरा आणि तिचा दादा भागीत छापखाना चालवायचे. नवा संच यंत्रावर चढायच्या आधीच छापखान्याला आग लागली. दादानं शेगडी तशीच पेटती ठेवली, असं नवरा म्हणाला. दादा नाही नाही म्हणत राहिला. तिनं नवऱ्याचा शब्द धरला आणि भावाला दार बंद केलं. नवऱ्यानं मग दुसऱ्या गावी कुणाच्या तरी छापखान्यात नोकरी पत्करली. आठवडाभर तिकडे, सुट्टीला घरी. तिनं पुन्हा पटाशीला हात लावला नाही.

सुट्टीला तो आला तेव्हा तिनं पाटीचं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

“तुझा दादा खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. पण आता राख उकरून काय मिळणार? सोड.”

तिनं सोडलं नाही. दुकानदाराला विचारत विचारत ती फॉन्ट बनवणाऱ्याच्या ऑफिसात पोहोचली. पोरगा बोलका होता. लाकडी ठशांच्या छापावरून घेतलेली अक्षरं त्यानं पडद्यावर मोठी करून दाखवली. कडा बोथट झालेल्या, मधेमधे शाई न लागलेले पांढरे ठिपके.

ती बघत राहिली. तिनं दिलेली अक्षरं कोरी करकरीत होती.

“लाकूड इतकं कशानं झिजतं?”

“वर्षानुवर्षं छापून. हे जुनेपणच तर लोकांना आवडतं.”

म्हणजे दादानं संच नुसता लांबवला नव्हता, त्याच्यावर पोटही भरलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एकाच आईचं दूध प्यालेला माणूस.

अक्षरं कुठून मिळाली, हे तिनं विचारलं. छापखाना चालवणारं एक जोडपं आहे, पोरगा म्हणाला, आणि अक्षरं त्यातल्या बाईंनीच कोरलीत. तिला हसू आलं. वहिनीला धड बटाटा सोलता येत नसे.

“फोन लावा त्यांना,” ती म्हणाली. “मी नुसतं ऐकते.”

पोरग्यानं फोन लावून स्पीकर सुरू केला. अक्षरं कोरणाऱ्या बाईंशी जरा बोलायचंय, असं त्यानं सांगितलं.

पलीकडून तिच्या नवऱ्याचा आवाज आला.

“बायकोशी ना? ही काय, इथंच बसलीय. देतो तिला.”